लाल सिग्नल आणि गुलाबी शर्ट

शुक्रवार, रात्री पावणेबारा

आज परत चिऊशी भांडण झालं. विषय तोच, जंग-ह्वान की तेक. ती नाशिकला, मी पुण्यात, दोघींची लग्नं होऊन जमाना झाला, दोघींना एकेक पोर, आणि कुकरच्या पाच शिट्ट्या होऊन डाळीचं पार पिठलं झालं तरी आम्ही फोनवर काय बोलतोय तर सोलमधल्या एका पोरीने नवरा कोणता करायला पाहिजे होता. माझा नवरा हेडफोन काढून म्हणाला, कोणाचं लग्न मोडलं? म्हणलं मोडलं नाही रे, झालं, पण चुकीच्याशी झालं. तो म्हणाला आपल्या ओळखीतले का. मी काही बोलले नाही कारण खरं सांगायचं तर हो, ओळखीतलेच.

रिप्लाय १९८८. नोव्हेंबर २०१५ ते जानेवारी २०१६ कोरियात टीव्हीएन चॅनलवर लागलेली, २० भाग, दर शुक्रवार-शनिवार. आम्ही बघितली खूप नंतर. पण भांडण तिकडे तेव्हापासून आहे आणि अजून संपलेलं नाही, त्यामुळे आम्हाला उशीर झाला असं काही म्हणता येत नाही.

ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी (हे मी कोणासाठी लिहितेय देव जाणे, पण असू दे): सांगमुन-डोंग नावाच्या सोलच्या एका भागात एक गल्ली, गल्लीत चार-पाच घरं, आणि लहानपणापासून एकत्र वाढलेली पाच पोरं. त्यातली एकच मुलगी, डोक-सन, आणि तिच्यावर जीव असलेले दोघे म्हणजे जंग-ह्वान आणि तेक. अभ्यासात ढ, तोंडाने फटकळ, मोठी बहीण बोरा हुशार म्हणून तिचे लाड, धाकटा भाऊ मुलगा म्हणून त्याचे लाड, ही मधली. मालिका सुरू होते तीच मोठी झालेली डोक-सन नवऱ्याशेजारी सोफ्यावर बसून जुन्या गोष्टी सांगतेय अशी. नवरा दिसतो, बोलतो, टोमणे मारतो. पण तो कोण हे सांगत नाहीत! मोठेपणीचं काम दुसऱ्याच नटाने केलंय, किम जू-ह्योकने, त्यामुळे चेहऱ्यावरूनही पत्ता लागत नाही. २० भाग तुम्ही ओळखत बसा. लेखिका ली ऊ-जंग आणि दिग्दर्शक शिन वॉन-हो, दोघांनी हाच खेळ आधीच्या १९९७ आणि १९९४ या दोन मालिकांमध्येपण खेळला होता, म्हणजे प्रेक्षकाला सवय झालेली, तरी लोक परत फसले.

तिकडे तर शब्दच तयार झाला, ऑनामन्यू. म्हणजे 'काही झालं तरी नवरा र्यू जुन-योलच' याचा शॉर्टफॉर्म. र्यू जुन-योल म्हणजे जंग-ह्वानचं काम करणारा नट. मग तेकवाल्यांनी त्यांचा ऑनामथेक काढला. आपल्याकडे असं झालं असतं तर 'काजंच', काहीपण होवो जंग-ह्वानच. चिऊला हे सांगितलं तर म्हणाली काजंच म्हणजे एखाद्या रोगाचं नाव वाटतंय.

झोपते. डाळ उद्या परत करावी लागणार.

शनिवार

दुपारी १८वा भाग परत लावला. एकटीने. पोरगं क्लासला होतं.

हाच तो सिग्नलवाला. १९९४ साल. तोपर्यंत सगळे मोठे झालेत, जंग-ह्वान एअरफोर्समध्ये, तेक गो या पटावरच्या खेळाचा देशातला मोठा चॅम्पियन. डोक-सन एका कॉन्सर्टच्या बाहेर एकटीच उभी असते, मैत्रिणींना थाप मारलेली की माझ्याबरोबर कोणीतरी आहे म्हणून, आणि कोणीच नाही. हे कळल्यावर जंग-ह्वान गाडी काढून सुसाट निघतो. आणि सिग्नल लाल. पुढचा लाल. परत लाल. पोचतो तर तेक आधीच तिथे उभा, धापा टाकत. मॅच सोडून आलेला असतो तो, चक्क सोडून, ज्या खेळाशिवाय त्याला आयुष्यात दुसरं काही जमत नाही तो खेळ टाकून.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी त्या सिग्नलना शिव्या घातल्या होत्या. एक जरी हिरवा मिळाला असता! यावेळी मात्र ऐकलं नीट, जंग-ह्वान स्वतःच मनात काय म्हणतो ते. आधी तो सिग्नललाच दोष देतो, आणि मग म्हणतो की दोष सिग्नलचा नाही, वेळेचापण नाही, माझ्याच त्या शंभरदा कचरण्याचा आहे. म्हणजे लेखिकेने उत्तर त्याच्याच तोंडी देऊन ठेवलंय आणि आम्ही त्याच्या बाजूचे लोक इतकी वर्षं त्याच्याहून जास्त त्याची वकिली करतोय. आरोपीने गुन्हा कबूल केलाय आणि वकील म्हणतोय नाही नाही, सिग्नल.

मग ती हॉटेलातली अंगठी. मित्र सगळे बसलेत, आणि हा डोक-सनसमोर अंगठी ठेवून अख्खं मन मोकळं करतो, तुझ्याबरोबर शाळेत जायला मिळावं म्हणून गेटपाशी किती थांबायचो, तू लायब्ररीतून घरी येईपर्यंत झोप यायची नाही, आणि ती ऐकतेय, डोळे भरलेत तिचे, आणि हा एकदम डोंग-र्‍योंगकडे वळून (आम्ही त्याला डोंगऱ्या म्हणतो) काय, झालं का समाधान, म्हणजे मस्करी होती. सगळे उठून जातात. अंगठी टेबलावरच राहते. मी परत रडले. बाजू बदलायच्या बेतात असले तरी रडले, ते वेगळं खातं आहे.

सोमवार

ऑफिसमध्ये लक्ष नाही. एक गोष्ट डोक्यात बसलीय ती लिहून टाकते.

जंग-ह्वान आपल्याला आवडतो कारण तो आपल्याला *माहीत* आहे. पहिल्या अर्ध्या मालिकेत कॅमेरा त्याच्याजवळच आहे. बसमध्ये गर्दी आहे, तो हाताने दांडा घट्ट धरून तिच्याभोवती जागा करून उभा आहे, हाताच्या शिरा ताणल्यात, हे कोणाला दिसतं? आपल्याला. तिला नाही. ती आपली खिडकीबाहेर बघतेय. तो रात्री तिच्या येण्याची वाट बघत जागा आहे हे आपल्याला माहीत, तिला नाही. तिने वाढदिवसाला दिलेला गुलाबी शर्ट त्याने किती जपलाय हे आपल्याला माहीत, आणि तिला काय दिसतं तर गुलाबी शर्ट त्याच्या मोठ्या भावाच्या अंगावर. तिने काय समजायचं? मी असते तर मीपण तेच समजले असते आणि वर चार दिवस अबोला धरला असता.

म्हणजे आपण तिला ज्या परीक्षेत नापास करतोय त्याचा पेपर तिला दिलेलाच नाही. आपल्या हातात गाईड आहे, तिच्या हातात कोरा कागद.

अगदीच काही कळत नव्हतं असंही नाही हां. पावसात छत्री घेऊन आला होता, लवकर येत जा म्हणाला होता. ब्लाइंड डेटला जाऊ का विचारल्यावर नको जाऊस म्हणाला होता. पण मग तेकने सगळ्या मित्रांसमोर सरळ सांगून टाकलं, मला डोक-सन आवडते, मैत्रीण म्हणून नाही. आणि त्या क्षणापासून जंग-ह्वानने शटर खाली ओढलं. पुढे तेकलाही जंग-ह्वानचं कळतं, पाकिटातला फोटो बघून, आणि तोही मागे सरतो, ठरलेला सिनेमा रद्द करतो. हे चिऊ सोयीस्कर विसरते. कचरला तर तेकपण! पाच वर्षं! दोघांनी मैत्रीखातर तिला मधे ठेवून एकमेकांना "पहले आप" केलं आणि तिला कोणी विचारलं नाही. फरक एवढाच की शेवटी एकजण मॅच सोडून पळाला.

चिऊला हे सगळं व्हॉइस नोटवर पाठवलं, सात मिनिटांची नोट. उत्तर आलं, "म्हणजे तू मान्य केलंस??" आणि नाचणारी बाई.

मान्य वगैरे काही केलेलं नाही.

बुधवार

माझी तक्रार आता वेगळी आहे आणि ती दोन्ही पोरांबद्दल नाहीच. ती डोक-सनबद्दल आहे, म्हणजे तिला लिहिलंय कसं त्याबद्दल.

बघा ना, आधी तिला गल्लीतलाच सन-वू आवडतो, का, तर मैत्रिणी म्हणाल्या त्याला तू आवडतेस. तो निघाला बोराच्या मागे. मग जंग-ह्वान, का, तर परत मैत्रिणी म्हणाल्या. मग डोंगऱ्या (गल्लीतला सर्वात टवाळ, पण अक्कल त्यालाच) तिला विचारतो, कोणाला तू आवडतेस ते सोड, तुला कोण आवडतं? काय प्रश्न आहे! घरात मधली म्हणून जिला कोणी काही विचारलं नाही, वाढदिवसाचा केकसुद्धा बहिणीच्याच केकवर भागवला, तिला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'तुला काय पाहिजे' विचारलंय. आणि इथून पुढे आपण तिच्या मनात जायला पाहिजे होतं, तर नेमकं इथेच दार बंद. नवरा कोण हे कोडं टिकवायचं ना! तिचं मन उघडलं तर कोडं फुटणार. म्हणून तिचा निर्णय आपल्याला नजरांमधून, दाराकडे बघण्यातून ओळखावा लागतो, त्या अंगठीच्या सीनमध्येसुद्धा ती मधूनमधून दाराकडे बघत असते, तेक येतोय का. पहिल्या वेळी मला ते दिसलंच नव्हतं.

आणि सोफ्यावरचा तो नवरा! इतका बोलका, खवचट, अगदी जंग-ह्वान मोठा झाल्यासारखा. तेक बिचारा मालिकाभर चार शब्द बोलायला आठ मिनिटं घेतो. ही मात्र शुद्ध फसवणूक आहे. चिऊ म्हणते लग्नानंतर माणूस बोलायला लागतो. तिच्या नवऱ्याकडे बघून तरी हे खरं वाटत नाही.

असाच खेळ २०२०च्या स्टार्ट-अप मालिकेत होता. लहानपणी पत्रं लिहिली एकाने, नाव वापरलं दुसऱ्याचं, आणि आपल्याला पहिल्या भागापासून माहीत की पत्रं हान जी-प्योंगची आहेत. झालं, अर्धं जग जी-प्योंगच्या बाजूने. सेकंड लीड सिंड्रोम म्हणतात त्याला सगळे, म्हणजे ज्याला हिरॉइन मिळत नाही त्या दुसऱ्या हिरोवरच आपला जीव जडणं, पण मला आता वाटतंय सिंड्रोम आपला नाहीये, ज्याचं गुपित आधी सांगाल त्याचेच आपण होतो, साधी गोष्ट आहे. घरात दोन जावांचं भांडण झालं की जी आधी फोन करते तिचीच बाजू बरोबर वाटते, तसंच.

ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन या मालिकेचा विषय काढायचा नाही असं आमचं ठरलेलं आहे. २०२२ साली त्याच्या शेवटावरून चिऊ आठवडाभर माझ्याशी धड बोलली नव्हती, जणू ही-दो आणि यी-जिनला मीच वेगळं केलं.

शनिवार, संध्याकाळ

आई आलीय आठ दिवसांसाठी. तिला मोबाईलवर दाखवत होते, इंग्लिश सबटायटल्स मीच मराठीत सांगत, म्हणजे थोडक्यात मीच डबिंग करत होते. पहिल्या भागात एका घरातून दुसऱ्या घरात पोरं वाटग्यातून भाजी पोचवतायत, तिकडून रिकामं भांडं नको म्हणून दुसरं काहीतरी घेऊन परत, आणि शेवटी आया म्हणतात त्यापेक्षा एकत्रच जेवायचं ना, तो सीन. आई म्हणाली पंचवटीत आपल्या वाड्यात असंच, वाटी रिकामी द्यायची नाही, काही नाही तर चिमूटभर साखर घालून द्यायची. आणि म्हणाली जिने ती पोरं पळवली तिचं बरंय, आम्हाला पळवायला तू होतीस आणि तू अर्धी भाजी जिन्यात खायचीस.

मग बोरा आणि सन-वूचं आलं. दोघांचं आडनाव एकच, घराणंही मुळात एकच, म्हणून तिकडच्या कायद्याने लग्नाला अडचण. ही बंदी तिथल्या घटना न्यायालयाने १९९७ साली घटनाविरोधी ठरवली, आणि गोष्ट चालू आहे १९९४ची. हे मी समजावून सांगायला श्वास घेतला तेवढ्यात आई म्हणाली, सगोत्र. संपलं. एका शब्दात. आपल्याकडे सगोत्र लग्नाची कायद्यातली अडचण १९४६ सालीच काढून टाकली, पण आईच्या मावसबहिणीच्या वेळी त्याच्या कितीतरी वर्षं नंतरसुद्धा घरात सहा महिने रडारड झाली होती म्हणे, शेवटी मुलीला मामाच्या मांडीवर बसवून दत्तक दिल्यासारखं केलं आणि लग्न लागलं. ही गोष्ट मला आजवर कोणी सांगितली नव्हती! तीन तास कोरियन सीरियल आणि त्यातला एक तास मावशीचं लग्न.

सोमवार रात्र

आईने शेवटचा भाग बघितला. मधले बरेच पळवले, ती म्हणाली मला पोरांच्या चोरट्या नजरा नकोत, आया-बापांचं लाव. बोराने बापाला लग्नाआधी घेऊन दिलेले बूट मोठे होतात आणि तो आत कागद कोंबून तेच घालून उभा राहतो, तिथे आई चष्मा पुसत बसली. गल्ली रिकामी होते, सगळे घरं सोडून जातात, तिथेही गप्प. आमचा वाडा पाडला तेव्हा ती बघायला गेली नव्हती.

नंतर चिऊचा फोन, स्पीकरवर. चिऊ म्हणाली आई तू सांग, जंग-ह्वान की तेक, तुझं मत फायनल. मी म्हणलं आई नीट विचार करून.

आई म्हणाली, "ते जाऊ दे. २० भाग त्या पोरीचं लग्न कोणाशी, कोणाशी करून आम्हाला बसवून ठेवलं आणि तिचं लग्न दाखवलंच नाही की! थोरलीचं दाखवलं. परत मधलीचं राहिलंच."

चिऊ बराच वेळ काही बोलली नाही. मीपण.