थ्रेडच्या नावांनी मिळवून दिलेलं काम : आमची वाटचाल

आमची कंपनी छोटी आहे आणि कामही तसं चिंचोळं आहे: दुसऱ्यांच्या डीबगरमध्ये, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आत बघायच्या साधनामध्ये, भर घालून देणं. कुणाचा स्वतःचा बोर्ड (चिप बसवलेली पट्टी) असतो, कुणी डीबगरची स्वतःची आवृत्ती सांभाळत असतं. तयार माल त्यांना बराचसा पुरतो, आणि जिथे पुरत नाही तिथे आम्हाला फोन येतो. सुरुवातीला असे फोन क्वचितच यायचे. जम बसला तो थ्रेडच्या, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांच्या, नावांमुळे.

मागणी ऐकायला किरकोळ होती. एका ग्राहकाचा सर्व्हर बरेच थ्रेड चालवायचा. तो अडकला की त्यांचे इंजिनियर डीबगर जोडायचे, आणि यादीत दिसायचे नुसते नंबर. अडकलेल्या प्रोग्राममध्ये बहुतेक थ्रेड कुठल्यातरी लॉकची (एका वेळी एकालाच मिळणाऱ्या कुलपाची) नाहीतर कामाची वाट बघत थांबलेले असतात, त्यामुळे वरच्या फ्रेम, म्हणजे सर्वात शेवटी बोलावलेली फंक्शन, सगळ्यांच्या सारख्याच. हा डिस्कवर लिहिणारा की नेटवर्क सांभाळणारा, हे कळायला प्रत्येकाचा बॅकट्रेस (कुणी कुणाला बोलावलं त्याची साखळी) काढून खाली खाली उतरावं लागे. खरं तर त्यांच्या प्रोग्रामने थ्रेडना नावं दिलेली होती. 'टॉप'मध्ये, म्हणजे काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या आज्ञेत, थ्रेड दाखवायला सांगितलं की ती दिसायचीसुद्धा. त्यांच्या डीबगरला तेवढी दिसत नव्हती.

लिनक्सवर नाव वाचणं सोपं आहे. चालू प्रोग्रामांची माहिती ज्या 'प्रॉक' फोल्डरात दिसते, त्याखाली प्रत्येक थ्रेडची 'कॉम' नावाची फाइल असते. ती उघडायची, वाचायची, शेवटचं नवओळीचं चिन्ह काढून टाकायचं. 'स्टॅट' फाइलमधूनही नाव मिळतं, पण तिथे ते कंसात असतं आणि नावातच कंस किंवा मोकळी जागा असू शकते, म्हणून शेवटचा कंस शोधून मागे यावं लागतं. आम्ही 'कॉम'च पकडली.

डोकं लागलं ते नाव कधी वाचायचं यात. नवा थ्रेड जन्मतो तेव्हा त्याच्याकडे जन्म देणाऱ्याचंच नाव असतं. स्वतःचं नाव तो बहुधा नंतर घेतो. नेमक्या त्या मधल्या क्षणी ब्रेकपॉइंट (प्रोग्राम थांबवायची खूण) लागला, की यादीत एकाच नावाचे दोन थ्रेड. शिवाय काही प्रोग्राम काम बदललं की नावही बदलतात. त्यामुळे एकदा वाचून जपून ठेवलेलं नाव कधी शिळं होईल सांगता येत नाही. आम्ही दर थांब्याला नावं नव्याने वाचायचं ठरवलं. दूरच्या मशीनवर हे महाग पडलं असतं, थ्रेडमागे एक फेरी! म्हणून तिकडे चालणाऱ्या डीबगरच्या सर्व्हरनेच थ्रेडच्या यादीबरोबर नावं पाठवावीत अशी सोय केली. जीडीबी या प्रसिद्ध डीबगरच्या रिमोट प्रोटोकॉलमधल्या (दूरच्या मशीनशी बोलायच्या भाषेतल्या) थ्रेडयादीत नावासाठी जागा आहेच.

मग लांबीच्या तक्रारी आल्या. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, नावाला १६ बाइट देतो, त्यातला एक शेवटच्या शून्याचा. हाती उरले १५. एका ग्राहकाच्या नावांची पद्धत 'कनेक्शन_पूल_वर्कर_३' अशी होती, अर्थात रोमन लिपीत. त्यातलं 'कनेक्शन_पूल' बरोबर १५ अक्षरांचं, म्हणजे नंबर असलेलं शेपूटच कापलं जायचं आणि सगळे वर्कर एकसारखे दिसायचे. गंमत म्हणजे त्यांच्याच दुसऱ्या प्रोग्राममध्ये तेच थ्रेड भलतंच, मुख्य थ्रेडचं नाव दाखवत होते. कारण नाव द्यायच्या दोन फंक्शनांपैकी 'पीआरसीटीएल' लांब नाव मुकाट्याने कापतं, तर 'पीथ्रेड_सेटनेम_एनपी' चूक परत करतं आणि नाव बदलतच नाही. ती चूक कुणी तपासत नव्हतं. दोन्हीकडे डीबगरचा दोष नव्हता, पण ग्राहकाला समजावून सांगायचं काम आमच्याच गळ्यात. तेव्हापासून आम्ही नंबर नावाच्या सुरुवातीला घ्यायला सांगतो. ज्यांना प्रोग्रामला हात लावायचा नाही त्यांच्यासाठी डीबगरमध्येच नाव देण्याची आज्ञा ठेवली. जीडीबीत ती २०११ च्या ७.३ आवृत्तीपासून आहे. माणसाने दिलेलं नाव प्रोग्रामच्या नावावर मात करतं, आणि ते पुसलं की मूळ नाव परत दिसतं.

विंडोजची तऱ्हा निराळी. तिथे जुनी रीत अशी की प्रोग्राम एक ठरावीक एक्सेप्शन (अपवादाचा इशारा) फेकतो आणि डीबगर त्यातून नाव उचलतो. डीबगर उशिरा जोडला तर नाव हुकलं ते हुकलंच. विंडोज १० मध्ये नाव थ्रेडपाशीच टिकवणारी 'सेटथ्रेडडिस्क्रिप्शन' ही सोय आली, पण जुने प्रोग्राम अजून चालू आहेत, तेव्हा आम्ही दोन्ही सांभाळतो.

आज आमची जास्त कमाई छोट्या चिपच्या कामातून होते. छोट्या चिपवर चालणाऱ्या फ्री-आरटीओएस या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये टास्क (तिथला थ्रेडच) तयार करतानाच नाव द्यायचं असतं, आणि ते टास्कच्या कंट्रोल ब्लॉकमध्ये, म्हणजे त्याची माहिती ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यात, बसतं. तिथे विचारायला ना 'प्रॉक' ना कर्नलची सेवा. चिप थांबवायची आणि मेमरीतून बाइट उचलायचे. पण नाव ब्लॉकमध्ये नेमकं कितव्या बाइटवर आहे हे कॉन्फिगरेशनवर ठरतं. मेमरी प्रोटेक्शन चालू केलं की ते सरकतं, लिस्ट तपासणीचे बाइट चालू केले की आणखी सरकतं. ठोकून बसवलेला आकडा एका ग्राहकाकडे चालतो आणि दुसऱ्याकडे कचरा दाखवतो. आम्ही तो आकडा प्रोग्रामच्याच डीबग माहितीतून (कंपायलरने डीबगरसाठी लिहून ठेवलेल्या तपशिलातून) काढतो. ती माहिती नसेल आणि छापता न येणारे बाइट दिसले, तर नाव दाखवतच नाही. मला विचाराल तर चुकीच्या नावापेक्षा कोरा नंबर परवडला, कारण चुकीच्या नावावर विश्वास ठेवून इंजिनियर आपली दुपार घालवतो.

सध्या हातात आहे ते कोअर डंपचं, म्हणजे प्रोग्राम कोसळताना त्याच्या मेमरीची जी प्रत फाइलमध्ये ठेवली जाते तिचं, काम. लिनक्सच्या कोअर फाइलमध्ये प्रत्येक थ्रेडचे रजिस्टर (प्रोसेसरमधल्या कप्प्यांतले आकडे) असतात, प्रोसेसचं, म्हणजे अख्ख्या चालू प्रोग्रामचं, नाव असतं, थ्रेडचं नसतं. क्रॅश ग्राहकाच्या मशीनवर झाला आणि फाइल आपल्याकडे आली की पुन्हा नुसते नंबर. तोडगा असा: कर्नलला कोअर फाइल लिहायला न लावता ती पाइपमधून आमच्या छोट्या प्रोग्रामकडे पाठवायला सांगायचं. तोवर मेलेल्या प्रोसेसच्या 'प्रॉक'मधल्या नोंदी शिल्लक असतात. कर्नलची 'कोअर_पाइप_लिमिट' ही सेटिंग शून्य ठेवली तर कर्नल आमच्या प्रोग्रामसाठी थांबत नाही, म्हणून ती शून्याच्या वर ठेवायला लागते. सगळी नावं वाचून कोअरशेजारी एका साध्या फाइलमध्ये ठेवतो, आणि डीबगर दोन्ही एकत्र उघडतो. हे एका ग्राहकाकडे चालू झालंय. दुसऱ्याच्या सुरक्षा विभागाला कोअरच्या पाइपमध्ये बाहेरचा प्रोग्राम नकोय, त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.