पँटची कंबर उसवताना

बुधवार, रात्री

आज डॉक्टरांनी पोटावर टेप लावला. बावीस सेंटिमीटर, आणि आठवडेही बावीसच. विसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशय बेंबीपर्यंत येतं आणि तिथून पुढे बरेच आठवडे टेपवरचा आकडा नि आठवड्यांचा आकडा जवळपास जुळत राहतो, असं त्या म्हणाल्या. म्हणजे अजून किती वाढायचं आहे, ते साधारण आधीच कळतं. घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. पोट किती वर जाणार हे ठाऊक असेल, तर पँट त्या हिशोबाने शिवता येईल.

कंपनीच्या करड्या पँटचं बटण आता लागतच नाही. काजातून रबरबँड ओवायचा आणि तो बटणाला अडकवायचा, ही युक्ती चौथ्या महिन्यात चालून गेली. आता चेनही अर्ध्यावर अडते. बसलं की कमरेची पट्टी ओटीपोटात रुतते आणि संध्याकाळी छातीत जळजळ. पोट आवळणारं काही घालू नका, त्याने जळजळ वाढते, हेही डॉक्टरांनी आज बजावलं.

मी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत क्वालिटीत, म्हणजे तपासणी विभागात आहे. मशीनजवळ ओढणी, पदर, घोळदार कुर्ता चालत नाही आणि ते बरोबरच आहे. फिरत्या स्पिंडलपाशी लोंबतं काहीच नको. त्यामुळे पँट हवीच. एचआरला विचारलं तर म्हणाले, दोन साइज मोठी घ्या. घेऊन पाहिली. पण मोठ्या साइजमध्ये फक्त कंबर वाढत नाही, सगळंच वाढतं. आसन गुडघ्याकडे उतरतं, मांडीला घोळ येतो आणि पायाची मोहरी बुटाखाली येते. शॉपफ्लोअरवर मोहरीत पाय अडकून पडणं मला आत्ता परवडणार नाही. माझं पोट वाढलंय, पाय होते तेवढेच आहेत.

आणि हा प्रश्न चार दिवसांचा नाही. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि बाळंतपणाची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. त्यातली जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येते. मला तर बाळ झाल्यावरच जास्त रजा हवी आहे. तोवर रोज पहाटे थंडीत बसस्टॉपवर उभं राहायचं ते नीट, ऊबदार आणि मजबूत कपड्यांतच.

शनिवार

सेकंड शनिवार, सुट्टी. आईंबरोबर मेन रोडला गेले. लेगिंग्जचं कॉटन-लायक्रा कापड सुटं मिळतं, ते करड्याच्या जवळपासच्या रंगात घेतलं. आईंनी दुकानातच ते आडवं ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. "सोडल्यावर लगेच जागेवर आलं पाहिजे गं. नुसतं बनियनचं कापड घेशील तर दुपारपर्यंत ढिलं होऊन खाली येईल." होजिअरीसाठी गोल टोकाची सुई आणि पॉलिस्टरचं रीळ घेतलं. साधी टोकदार सुई विणलेल्या कापडाचे फासे तोडते आणि मग एकेक भोक पडत जातं.

घरी येऊन कापड आधी भिजवून वाळवलं. आटायचं ते आत्ताच आटू दे.

बाळासाठी मात्र काही घ्यायचं नाही, असं आईंचं म्हणणं. झबली-टोपडी बाळ झाल्यावर, तीही जुन्या मऊ सुती साडीची. मला ते पटतं. आत्ता आम्हा दोघींचं सगळं लक्ष माझ्या पँटवर आहे.

रविवार, रात्री

दोन पँटी, दोन पद्धती.

पहिली आईंच्या पद्धतीने. दोन्ही बाजूंची शिवण पट्टीपासून सात इंच खाली उसवली, तिथे पट्टी कापली आणि होजिअरीची त्रिकोणी कळी भरली. वर तीन इंच रुंद, खाली निमुळती. दोन्ही कळ्या मिळून घेर सहा इंचांनी वाढला, शिवाय कापडाचा ताण वेगळा. कळीच्या वरच्या काठात रुंद इलॅस्टिक घातलं. पुढचं बटण, चेन, खिसे, सगळं जागच्या जागी. बाळंतपणानंतर कळी काढली की पँट जवळपास पहिल्यासारखी होईल. चौथ्या-पाचव्या महिन्यासाठी मी कुणालाही हीच सांगेन. पण घालून खुर्चीत बसले तेव्हा अडचण कळली. घेर बाजूने वाढतो, पोट पुढे वाढतं. पुढची कडक पट्टी आणि धातूचं बटण तिथेच राहतं आणि वाकलं की टोचतं.

म्हणून दुसरी पँट मी मनापासून विचार करून केली. नेहमीची पँट कमरेच्या सर्वांत अरुंद भागावर अडकलेली असते. माझी कंबर आता तशी राहिलेलीच नाही, त्यामुळे पट्टी आवळून उपयोग नाही. पँटचं वजन कुल्ले, पाठ आणि अख्खं पोट यांवर वाटून दिलं पाहिजे. हे एकदा डोक्यात बसलं की कुठे कापायचं ते आपोआप ठरतं. मागे अगदी पट्टीखालून सरळ, बाजूला एक इंच खाली आणि पुढे मध्यावर चार इंच खाली, अशी वाटोळी रेघ. पोटाच्या खालून जाणारी.

कापण्याआधी तीन गोष्टी केल्या आणि त्यांना घाई करून चालणार नाही. चेन पूर्ण उसवून काढली, पुढचे दोन्ही पदर एकमेकांवर ठेवून दोन टिपा मारून बंद केले. चेनच्या पितळी दातांवर सुई आली तर तुटून डोळ्याकडे उडते. खिशांचे आतले पदर कच्च्या टाक्याने पँटला धरून ठेवले, नाहीतर कापल्यावर पिशवी सुटून लोंबते. खिसे मला हवेतच. त्यांत माझा मापं घ्यायचा व्हर्नियर असतो, मार्कर असतो. बायकांच्या तयार कपड्यांत खिशाच्या जागी नुसती खोटी शिवण देतात, त्याचा मला फार राग येतो. तिसरी गोष्ट म्हणजे मागेपुढे खडूने रेघ आखून वर शिवणीसाठी अर्धा इंच माया ठेवली.

मग होजिअरीची नळी. पँटचा कापलेला काठ सगळीकडून चाळीस इंच भरला. नळी छत्तीसची केली, दहा टक्के कमी, म्हणजे ती अंगाला धरून राहते. उंची सतरा इंच, दुमडली की साडेआठ, त्यातला अर्धा इंच शिवणीत. दुमडीचा काठ वर येतो, त्यामुळे वरती शिलाईच नाही आणि पोटावर कुठे वळ उठत नाही. नळीचे आणि पँटचे चार-चार भाग करून टाचण्या लावल्या आणि होजिअरी ताणत ताणत टीप मारली.

आमची मशीन काळी, पायाची, फक्त सरळ टीप मारणारी. ताणल्या जाणाऱ्या कापडाला झिगझॅग लागतं, सरळ टीप तटकन तुटते, म्हणून आधी वाटलं होतं की कोपऱ्यावरच्या पिको-फॉलवाल्या ताईंकडे जावं लागेल. पण हा जोड पँटच्या कापडाशी आहे आणि ते कापड फारसं ताणत नाही, त्यामुळे जोडही ताणत नाही. सरळ टीप पुरली. बळकटीसाठी दुसरी टीप पाव इंचावर मारली आणि आतला काठ आईंनी हाताने तुरपून दिला. पाय मारायलाही अर्ध्याहून अधिक वेळ त्याच बसल्या. मला सांगत होत्या, "तू कापड सांभाळ, चाक मी फिरवते."

कापलेली जुनी पट्टी, बटण, लूप आणि चेन एका पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी डकवली आहे. ही पँट पूर्ववत होणं अवघड, पण पट्टी दुसऱ्या कशाला तरी लागेल.

गुरुवार

नळीची पँट घालून सोमवारपासून कामावर जातेय. नळी आत्ता अर्धी दुमडून पोटाखाली ठेवते, पोट वर येईल तशी उलगडत नेईन. खिशात व्हर्नियर असूनही पँट खाली उतरली नाही. गेजरूममध्ये तासन् तास बसून रीडिंग घेतलं तरी काही रुतत नाही आणि संध्याकाळची जळजळ बरीच कमी आहे. ओटीपोटावर सुती कापडाचे पदर आल्याने सकाळच्या गार वाऱ्यातही बरं वाटतं. धुताना फक्त कडक पिळायची नाही, उन्हात ताणून टांगायची नाही. लायक्राला ऊन सोसत नाही.

आज कँटीनमध्ये पॅकिंगमधली एक जण शेजारी येऊन हळूच विचारत होती, पँट कुठून घेतली म्हणून. तिसरा महिना लागलाय तिला, अजून घरीसुद्धा सगळ्यांना सांगितलेलं नाही. तिला कळीची पँट पुरेल. रविवारी घेऊन ये म्हटलंय.

तिच्याशी बोलून आल्यावर मात्र बसवेना. गणवेश शिवणारा टेलर कंपनीचाच ठरलेला आहे. अर्धा मीटर होजिअरी आणि एका दुपारची शिलाई, एवढ्याने काम होत असेल तर प्रत्येकीने घरी बसून का उसवायचं? ज्यांच्या घरी मशीन नाही, आई नाहीत, त्यांनी काय करायचं? एचआरला लेखी अर्ज देणार आहे. वाटोळ्या रेघेचा साचा ब्राउन पेपरवर काढून ठेवला, मापं त्यावरच लिहिली आहेत. उद्या अर्जासोबत तो जोडते.