क्रम मोडलेल्या आयुष्याची कादंबरी : दुसरा खर्डा, नऊपैकी पाच प्रकरणे पूर्ण

मागील नोंदीत पहिला खर्डा संपल्याचे लिहिले होते. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत दुसऱ्या खर्ड्याची पाच प्रकरणे पूर्ण झाली असून सहावे नुकतेच सुरू केले आहे. वेग अपेक्षेपेक्षा बराच कमी आहे आणि त्याचे कारण भाषा नसून हिशेब आहे.

जे ही नोंद प्रथमच वाचत आहेत त्यांच्यासाठी नियम थोडक्यात सांगते. नायिका चौसष्ट वर्षे जगते, परंतु ही वर्षे तिच्या वाट्याला सलग येत नाहीत. सतरा वर्षांपर्यंतचे आयुष्य क्रमाने जाते आणि त्यानंतर उरलेली सत्तेचाळीस वर्षे आठ तुकड्यांत, उलटसुलट येतात. देह कॅलेंडरप्रमाणे असतो, स्मृती मात्र तिने जगलेल्या क्रमाप्रमाणे. प्रत्येक दिवस ती एकदाच जगते, एकही दिवस गळत नाही आणि एकही दुसऱ्यांदा येत नाही. बालपण सुरुवातीलाच ठेवावे लागले, कारण भाषा न शिकलेले मन प्रौढ देहात घालून कादंबरी पुढे नेणे मला जमणारे नाही. उरलेल्या आठ तुकड्यांची मांडणी ४०,३२० प्रकारे होऊ शकते, हे एका रात्री गुणाकार करून पाहिले आणि आपण निवडलेली मांडणीच योग्य आहे असे स्वतःला बजावून झोपले.

ती मांडणी अशी आहे : सतरानंतर ती एकेचाळीस ते चव्वेचाळीस जगते, मग तेवीस ते एकोणतीस, मग बावन्न ते सत्तावन्न, चौतीस ते एकेचाळीस, सत्तावन्न ते चौसष्ट, चव्वेचाळीस ते बावन्न, सतरा ते तेवीस आणि सर्वांत शेवटी एकोणतीस ते चौतीस. म्हणजे देहाचा मृत्यू सहाव्या प्रकरणातच येतो, आणि अखेरच्या पानावर देह चौतीस वर्षांचा व मन चौसष्ट वर्षांचे असते.

या आठवड्यांतील पहिला धक्का याच बेरजांनी दिला. सर्व तुकड्यांची बेरीज चौसष्ट यायला हवी होती, ती चौसष्ट वर्षे दोन महिने येत होती. तीन संध्याकाळी शोधल्यावर लक्षात आले की एका प्रकरणाचा शेवट मी वाढदिवसापासून मोजत होते आणि त्याला देहाच्या क्रमाने जोडून येणाऱ्या प्रकरणाची सुरुवात नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. परिणामी नायिका दोन महिने दोनदा जगत होती, आणि त्या दोन महिन्यांत घडलेले एक भांडण दोन्ही प्रकरणांत, वेगवेगळ्या निकालांसह, आले होते. पहिला खर्डा वाचणाऱ्या दोन्ही स्नेह्यांच्या हे ध्यानात आले नव्हते, याचे मला समाधान वाटावे की दुःख, ते अजून ठरलेले नाही. असे काही लिहीत असलेल्या प्रत्येकाने लेखन सुरू करण्यापूर्वी ही बेरीज करून पाहावी. माझी तालिका आता एका स्प्रेडशीटमध्ये आहे आणि प्रत्येक ओळीत देहाचे वय व मनाचे वय शेजारीशेजारी आहे.

खरे काम मात्र वयांच्या तालिकेने होत नाही, हे पहिल्या खर्ड्याच्या अखेरीस उमगले. फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये कथनातील काळाचा विचार क्रम, कालावधी आणि वारंवारता अशा तीन अंगांनी मांडला, आणि मी प्रारंभी सर्व शक्ती त्यातील पहिल्या अंगावर खर्च केली होती. वास्तविक नायिकेच्या दृष्टीने काहीच उलटसुलट नसते. तिला एकामागून एक दिवस येतात, आणि पुस्तकही तिच्याच क्रमाने चालत असल्यामुळे वाचकालाही ते तसेच येतात. उलटे होते ते तिच्या माणसांचे. एखाद्या प्रसंगात समोरच्याला काय ठाऊक आहे आणि तिला काय ठाऊक आहे, यांतील अंतरावर तो प्रसंग उभा राहतो किंवा कोसळतो. म्हणून दुसऱ्या खर्ड्यापूर्वी नायिकेची आई आणि मुलगी यांच्यासाठी स्वतंत्र ‘ठाऊक-तालिका’ केली. मुलीचा जन्म नायिकेच्या एकतिसाव्या वर्षी होतो, जो शेवटच्या प्रकरणात आहे. नायिकेला ती प्रथम भेटते दुसऱ्या प्रकरणात, दहा वर्षांची, आपली आई आपले नाव का विचारते आहे हे न कळून दारात थबकलेली. आईच्या बाबतीत मरणाची बातमी आधी येते, मरण तीन-एक वर्षांनी प्रत्यक्ष पाहावे लागते, आणि सर्वांत मोठा सहवास त्यानंतर तीसहून अधिक वर्षांनी, आठव्या प्रकरणात मिळतो.

सर्वाधिक वेळ खाल्ला तो एका पत्राने. एकेचाळिसाव्या वर्षाच्या सांध्यावर पाचव्या प्रकरणातील अडतीस वर्षांचे मन जाते आणि दुसऱ्या प्रकरणातील सतरा वर्षांचे, भेदरलेले मन येते. जाणारीला हे आठवते, कारण ती स्वतःच ती मुलगी होती. तेव्हा तिने येणारीसाठी चिठ्ठी ठेवणे स्वाभाविक आहे. अडचण अशी की दुसऱ्या प्रकरणात ते पत्र वाचकाने अक्षरशः वाचलेले आहे. मग पाचव्या प्रकरणात ती तेच शब्द आठवून उतरवते काय? तसे असेल तर ते शब्द मुळात सुचले कोणाला? भौतिकशास्त्रज्ञ इगोर नोव्हिकोव्ह यांच्या नावाने ओळखले जाणारे स्वसुसंगतीचे तत्त्व सांगते की भूतकाळात जाऊन काहीही केले तरी ते घडून गेलेल्या इतिहासाशी जुळणारेच असेल, परंतु तेवढ्याने मजकुराचा कर्ता सापडत नाही आणि कादंबरीत असे कर्त्याविना फिरणारे वाक्य मला लबाडीचे वाटते.

उपाय विस्मरणात मिळाला. पत्र वाचल्यानंतर ते लिहीपर्यंत तिच्या मनाची एकवीस वर्षे गेलेली आहेत. पत्र आले होते एवढे तिला आठवते, एक ओळ खोडलेली होती हेही आठवते, पण शब्द आठवत नाहीत. ती नव्याने लिहायला बसते, मजकूर तिचा स्वतःचा उतरतो, आणि तो दुसऱ्या प्रकरणातल्याशी तंतोतंत जुळतो हे पडताळून पाहण्याचे काम वाचकाचे. सतरा वर्षांच्या मुलीला ती खोडलेली ओळ उजेडासमोर धरूनही वाचता आलेली नव्हती. पाचव्या प्रकरणात ती ओळ लिहिली जाताना दिसते. ती आईबद्दल आहे, आणि ती खोडण्यामागचे कारण भविष्य बदलण्याची भीती हे नाही. आई नाही हे आपल्याला कागदावरून कळले नव्हते, त्या दहा वर्षांच्या पोरीने हात धरून सांगितले होते, हे तिला ऐन वेळी आठवते. हा प्रसंग चौदा पाने झाला आहे, तर बालपणाची सतरा वर्षे मिळून अकरा. हे प्रमाण मी बदलणार नाही.

देहाला काय आठवावे, हाही प्रश्न होता. एकेचाळीस वर्षांच्या देहातील सतरा वर्षांच्या मनाला टंकलेखन यावे काय? हेन्री मोलेसन या रुग्णाची नवी स्मृती साठवण्याची क्षमता १९५३ मधील मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर गेली होती. तरीही ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवायला दिली तेव्हा तीन दिवसांत त्यांचा हात सुधारत गेला, जरी आपण हे पूर्वी केले आहे याची त्यांना आठवण नव्हती. तेवढा आधार पुरेसा मानून बोटांचे कौशल्य देहाकडे आणि प्रसंगांची आठवण मनाकडे, अशी वाटणी केली.

मराठीने मात्र काही ठिकाणी अनपेक्षित साथ दिली. आपला ‘परवा’ मागचाही असतो आणि पुढचाही, आणि दिशा क्रियापदावरूनच कळते. मुलगी अर्धवट वाक्यात नुसते ‘परवा?’ एवढेच विचारते आणि दोघी वेगवेगळा दिवस समजतात, हा संवाद दुसऱ्या कोणत्या भाषेत मला इतक्या सहज साधला नसता. निघायच्या आधीच ‘आलेच’ म्हणणारी आपली बोलीही या नायिकेला शोभते. त्रास दिला तो ‘आधी’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांनी. शेवटी असा नियम केला की निवेदनातील आधी-नंतर नेहमी मनाच्या क्रमाने, संवादातील कॅलेंडरच्या क्रमाने, आणि जेथे गोंधळ संभवतो तेथे सरळ देहाचे वय लिहावे. रीती भूतकाळ निवेदनातून जवळजवळ हद्दपार केला आहे. ‘ती पहाटे उठत असे’ हे वाक्य इतरांच्या तोंडी ठीक असते, परंतु जिने त्या पहाटा अजून पाहिल्याच नाहीत तिच्या बाजूने ते लिहिता येत नाही.

एक चूक आता दुरुस्तीपलीकडे गेली आहे, किंवा मी ती जाऊ दिली आहे. चौतिसाव्या वर्षाच्या सांध्यावरही एका मनाची जागा दुसरे घेते : चौसष्ट वर्षांचे, सारे काही जगून झालेले मन जाते आणि एकतिशीचे मन येते. पहिल्या पत्राची सवय झालेला वाचक येथेही पत्राची वाट पाहणार. पण येणारीची सकाळ पाचव्या प्रकरणाच्या पहिल्याच पानावर आहे, ते पान मी तीनदा सुधारून कायम केले आहे, आणि त्यात टेबल रिकामे आहे. म्हणजे शेवटच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या मुलीला निजवून झाल्यावर, हातात रात्रभराचा अवधी आणि सांगण्यासारखे सगळे आयुष्य असताना, ती काहीच लिहीत नाही. का लिहीत नाही, ते मला अजून सापडलेले नाही. टेबलावर चिठ्ठी ठेवून पान बदलणे सोपे आहे, परंतु तूर्त तसे करणार नाही. पुढील नोंद सहावे प्रकरण संपल्यावर.