शांत पीसी हवाय? आधी वॅट मोजा

जुना पीसी रेंडरला (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवायला) बसला की आई स्वयंपाकघरातून विचारायची, "मिक्सर लावलायस का रे?" आणि खोटं कशाला बोलू, तसाच आवाज होता. मी घरूनच व्हिडिओ एडिट करतो, व्हॉइसओव्हरपण त्याच टेबलावर रेकॉर्ड होतो, रात्री गेमपण तिथंच. डोक्यावरचा पंखा रेकॉर्डिंगपुरता बंद करता येतो (मे महिन्यात पुण्यात तेही धाडसच), पण पीसी बंद करून रेकॉर्ड कशावर करणार?

नवीन बनवायचा ठरला तेव्हा मी पण आधी सगळ्यांसारखं "सायलेंट" लिहिलेली केस (म्हणजे पीसीचा डबा) शोधत बसलो, आतून फोम लावलेली, पुढून बंद दार वगैरे. मग डोक्यात प्रकाश पडला की फोम बारीक चिरचिर अडवतो, घुमणारा आवाज तसाच येतो, वर हवा कोंडते आणि गरम झालं की फॅन अजून जोरात पळतात. म्हणजे गोधडीत मिक्सर गुंडाळून ठेवल्यासारखं. आवाज फॅनचा असला तरी फॅन पळतो उष्णतेमुळे, आणि उष्णता म्हणजे वॅट. तिथूनच सुरुवात करायची.

म्हणून प्रोसेसर घेतला रायझन ९ ७९००, एक्स नसलेला. १२ कोअर आहेतच, पण टीडीपी (कूलरसाठी कंपनीने धरलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, फुल लोडला कंपनीच्या मूळ सेटिंगवर ८८ वॅटच्या वर जात नाही. त्याच्या वेगवान भावाची, ७९००एक्सची, तीच मर्यादा २३० वॅट आहे! रेंडरला माझी थोडी मिनिटं जास्त जातात, जाऊ देत, तेवढ्यात चहा होतो. बॉक्समध्ये प्रोसेसर गार ठेवणारा कूलर फुकट येतो, लाइटबिट लावून, तो मी तसाच माळ्यावर टाकला कारण एवढासा फॅन म्हणजे परत मिक्सर.

कूलरसाठी मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो तर दुकानदार म्हणे, "दादा लिक्विड घ्या ना, आवाजच नाही." अहो त्यातलं पाणी गार करणाऱ्या रेडिएटरवर फॅन असतातच की, शिवाय पंप चोवीस तास चालू. मी घेतला थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई, धातूच्या पट्ट्यांचे दोन टॉवर, दोन फॅन, उंची १५५ मिमी, त्यामुळे केसमध्ये कूलरला किती जागा आहे ते आधी बघा आणि उंच लाइटवाली रॅम घेऊ नका, पहिल्या फॅनला अडते. केस साधी जाळीवाली, तिला १४० मिमीचे तीन फॅन. इथं एक गणित मला फार आवडलं, फॅनचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने पडतो, आणि तसाच दुसरा फॅन शेजारी लावला तर वाढतात फक्त ३. म्हणजे एक पळवण्यापेक्षा दोन रमतगमत चालवलेले कधीही परवडले.

ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर, २२० वॅटचं, तीन फॅनवालं जाडजूड मॉडेल, साध्या कामात त्याचे फॅन बंदच असतात. पॉवर लिमिट ७५ टक्क्यांवर आणली, म्हणजे १६५ वॅट, मला तरी गेम खेळताना फरक कळत नाही. पॉवर सप्लाय मुद्दाम मोठा, ७५० वॅटचा, अर्ध्या लोडवर त्याचाही फॅन आळशी असतो.

एवढं करून पहिल्या रात्री चालू केला तर दर अर्ध्या मिनिटाला हुश्श... हुश्श. ब्राउझर उघडला की प्रोसेसर एका क्षणात ४५ वरून ७० डिग्रीला उडी मारतो आणि फॅन त्याच्या मागे धावतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) फॅनला थोडं उशिरा दखल घ्यायला सांगितलं आणि केसचे फॅन "फॅन कंट्रोल" नावाच्या फुकट सॉफ्टवेअरने कार्डच्या तापमानाला बांधले, विषय संपला. एक फॅन मात्र ९५० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्या) आसपास घुमायचा. कुठला ते शोधायला रात्री दीड वाजता साइड पॅनल काढून एकेका फॅनच्या मधल्या चकतीवर हळूच बोट टेकवून थांबवत होतो (पात्यावर नाही, चकतीवर!), तिसरा सापडला. बदलला नाही, फॅनच्या कर्व्हमधून (किती तापमानाला किती वेग, ती सेटिंग) तेवढा टप्पा उडवला.

गेमच्या मेनूत चिईई करून कार्डची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) किंचाळायची ते वेगळंच. मेनूत काहीच नसतं म्हणून कार्ड सेकंदाला पाचशे-सहाशे फ्रेम काढत बसतं. १२० वर कॅप लावली, गप्प.

राहता राहिली जुनी ४ टीबीची हार्ड डिस्क. ७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या, तोच घूं आवाज टेबलाच्या लाकडातून थेट माइकपर्यंत. पीसीत आता फक्त एनव्हीएमई (काहीच न फिरणारी चिपवाली डिस्क), आणि डिस्क नेटवर्कवाल्या डब्यात घालून माळ्यावर राउटरशेजारी ठेवली. माझी खोली एकदम शांत.

परवा आई स्टूल घेऊन माळ्याखाली उभी. "वर कबुतर शिरलंय बघ, सारखं घुमतंय." आता डिस्कखाली भांडी घासायचे दोन नवे स्पंज ठेवलेत.