तळ्याभोवतीची उलटी फेरी

पाणथळीची पाऊलवाट तळ्याला वेढा घालून जाते. सकाळी साडेसहाला पूर्वेकडे तोंड करून निघालो आणि तिथेच फसलो. ऊन थेट डोळ्यांत, पाण्यावरची बदकं म्हणजे नुसते काळे ठिपके. अर्ध्या तासाने वैतागून मागे फिरलो, तेव्हा कुठे वारकरी नावाच्या काळ्या पाणपक्ष्याच्या कपाळावरचा पांढरा टिळा दिसला. वाटेवरचा बाण कुठलीही बाजू दाखवो, तुम्ही सूर्य पाठीशी ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ गेला लाकडी पुलावर. पाणकणसाच्या एका दांड्याला चतुराची कात चिकटली होती. पाठीवर चीर, चिरेतून पांढरे धागे बाहेर आलेले. ते धागे म्हणजे अळीच्या श्वासनलिकांचं अस्तर. कात टाकताना तेही सुटून येतं. वरच्या पात्यावर टाचणी, म्हणजे चतुराचाच सडपातळ भाऊबंद, बसली होती. बसल्यावर पंख पसरलेले असले तर चतुर, मिटलेले असले तर टाचणी. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं.

पुलालगत पिवळी इवली फुलं पाण्याबाहेर डोकावत होती, ती युट्रिक्युलारिया या कीटकभक्षी पाणवनस्पतीची. भिंग आणलं नसतं तर पुढे गेलो असतो. पाण्याखालच्या फांद्यांना मोहरीच्या दाण्याएवढ्या पिशव्या असतात. पिशवीच्या तोंडाशी असलेल्या केसांना पाणपिसू (पाण्यातला इवलासा जीव) लागला, की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात मावतं, ते घ्याच. दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. दहापटीची माझ्या हातात फार हलते.

कमळपक्षी पानांवरून लांब बोटं पसरून चालत होता. यांच्यात अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं नराकडे असतं.

आता माझी चूक. फोटोसाठी कठड्यावरून वाकलो आणि खाली टिबुकली या छोट्या पाणपक्ष्याचं तरंगतं घरटं निघालं. टिबुकलीने घाईघाईने ओलं गवत अंड्यांवर ओढलं आणि बुडी मारली. मला वाटलं, गेली. मग लक्षात आलं, मी हटेपर्यंत ती येणार नाही. मागे सरकून लांब जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने ती वर आली, गवत बाजूला सारलं आणि अंड्यांवर बसली. फोटो काढला नाही. घरटं दिसलंच तर तिथे थांबू नका, बरोबरच्यांना बोट दाखवून गोळाही करू नका.

पुलाखालचा चिखल वरून टणक दिसतो, पण पाय घोट्यापर्यंत जातो. माझा एक बूट अजून वाळतोय.