मे महिन्यातलं मेळघाट: पाणी, दशम्या आणि मचाणावरची रात्र

मेळघाटात मे महिन्यात पायी हिंडायचं असेल तर एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा: जंगल आहे म्हणून सावली असेलच असं नाही. हे सागाचं पानगळीचं रान. उन्हाळा लागला की साग, धावडा, सालई सगळे उघडे पडतात आणि सकाळी दहाचं ऊन थेट खडकावर उतरतं. पायाखाली वाळक्या पानांचा जाड थर, डोक्यावर कोरं आभाळ. सावली मिळते ती नाल्याच्या काठानं, जिथं जांभूळ, उंबर, करंज, अर्जुन हिरवे असतात तिथंच. म्हणून काय खायचं, किती प्यायचं आणि कुठं टेकायचं हे तिन्ही घरूनच ठरवून निघावं लागतं. यंदा आम्ही ते कसं ठरवलं आणि त्यातलं काय कामी आलं, ते पुढं जाणाऱ्यांसाठी सविस्तर लिहिते आहे.

बेत असा होता: अमरावतीहून परतवाडा, तिथून चिखलदरा. पहिल्या दिवशी गाविलगड पायी, दुसऱ्या दिवशी दुपारी सेमाडोहच्या बाजूला उतरून बुद्धपौर्णिमेची रात्र मचाणावर. या रात्री पूर्वी पाणवठ्यांवर प्राण्यांची मोजणी व्हायची. वाघांची अधिकृत गणना आता कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे रानात बसवलेल्या आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते, पण पौर्णिमेच्या उजेडात पाणवठ्याशी बसण्याची ही रीत वनखात्यानं ‘निसर्गानुभव’ म्हणून चालू ठेवली आहे. त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो आणि जागा मोजक्या असतात. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक, त्यामुळे परवानगी आणि सोबतीला वाटाड्या असल्याशिवाय रानात पाय टाकायचा नाही.

शिदोरीचं गणित सगळ्यात जास्त बदलतं ते आगीच्या नियमानं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा हंगाम मानतात. या काळात जंगलात चूल नाही, गॅसची शेगडी नाही, काडीपेटीसुद्धा नाही. तो पाचोळा हातात घेऊन चुरगाळून पाहिला की नियम का आहे ते आपोआप कळतं. म्हणजे चहा नाही, मॅगी नाही, गरम भात नाही. जे न्यायचं ते घरी शिजलेलं, आणि चाळिशीपार गेलेल्या उन्हात दिवसभर न आंबणारं.

आधी पाण्याचं सांगते, कारण बाकीचं ओझं त्यावरच ठरतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चढावर, उन्हात, चालत्या माणसाला तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. आम्ही गाविलगडच्या दिवसासाठी माणशी पाच लिटर धरलं आणि मग पिशवीत उरलेल्या जागेत खाणं बसवलं. उलटं करू नका. आधी डबे भरून मग ‘पाणी बसेल तेवढं’ असं म्हणणाऱ्यांच्या बाटल्या अकरालाच रिकाम्या होतात. पाच लिटरची एक कॅन नेण्यापेक्षा लिटर-लिटरच्या बाटल्या बऱ्या. एक गळली तरी बाकीच्या शाबूत राहतात, आणि किती संपलं हे बोटावर मोजता येतं.

पाणी गार ठेवायला महागड्या बाटलीची गरज नाही. जाड सुती कापडाची पिशवी शिवून बाटलीवर चढवायची, ती ओली करायची आणि पाठपिशवीच्या बाहेरच्या बाजूला, वारा लागेल अशी अडकवायची. पूर्वी जीपच्या आरशाला लटकणारी कॅनव्हासची छागल याच तत्त्वावर चालायची. वैदर्भीय उन्हाळा कोरडा असल्यामुळे कापडातलं पाणी झरझर उडतं आणि आतलं गार होतं. तेच कोकणात करून पाहिलं तर एवढा फरक पडणार नाही. कापड तासाभरात वाळतं, मग चूळभर पाणी पुन्हा त्यावर. ते वाया गेलं असं समजू नका. कोमट पाणी माणूस टाळतो, गार पाणी पितो.

आमचा वाटाड्या इथल्या कोरकू आदिवासींपैकी होता, वय साठीच्या आसपास. किल्ल्याच्या पहिल्या दरवाजापाशीच त्यानं सगळ्यांच्या बाटल्या एकदा बघून घेतल्या. आमच्यातली एक मुलगी पाणी वाचवत होती, घोट घोट घेत होती. तो म्हणाला, “ताई, पानी जपून ठेवू नका. पेत चला. बाटलीत राह्यलेलं पानी कोनाच्या कामाचं नाई.” त्यानंतर दर वीस मिनिटांनी तो थांबायचा आणि सगळे प्यायल्याशिवाय पुढं पाऊल टाकायचा नाही. तहान लागेपर्यंत वाट बघायची नाही, हा त्याचा नियम मी आता कायमचा घेतला आहे.

नुसतं पाणीही पुरत नाही, घामातून मीठ जातं. सरकारी दवाखान्यात मिळणारी ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यातच घालायची. अर्ध्या बाटलीत ओतली तर ती जास्त दाट होते आणि उलट त्रास देते. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. दुकानातली रंगीत, गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. त्यांच्यात साखर भरमसाट असते. आम्ही प्रत्येकी पाचपैकी दोन बाटल्या मीठ-साखर-लिंबाच्या केल्या. घरून कैरीच्या पन्ह्याचा घट्ट गर गूळ घालून आटवून नेला होता. एका बाटलीला दोन चमचे, चिमूटभर मीठ, आणि दुपारच्या मरगळीत त्यानं जीव आला. ताक मात्र फक्त सकाळच्या न्याहरीला. नऊनंतर पिशवीतलं ताक आंबून फसफसतं.

आता खाणं. उन्हात भूक मरते, हे लक्षात ठेवून न्यावं. दुपारी ताटभर जेवण कुणालाच जात नाही. जातात त्या थोड्या थोड्या, खारट-आंबट गोष्टी. आमच्या शिदोरीचा कणा होता दशम्या. ज्वारीचं पीठ दुधात भिजवून, पाण्याचा थेंबही न लावता, मंद आचेवर दोन्हीकडून खरपूस भाजायच्या. पूर्ण गार झाल्यावरच सुती फडक्यात बांधायच्या. गरम असताना डब्यात घातल्या की वाफेचं पाणी धरतं आणि सगळी मेहनत वाया जाते. अशा दशम्या दोन दिवस मऊ आणि चांगल्या राहतात. गोड आवडत असेल तर दुधात गूळ विरघळवून कणकेच्या करा. सोबत जवसाची चटणी, तिळाची चटणी, कांदा. ओल्या मिरचीचा ठेचा नेताना तो तेलात नीट परतून पाणी आटवलेला हवा. कच्चा ठेचा एका उन्हात उतरतो.

बरोबरच्या एकानं बटाट्याची भाजी आणि पोळ्या आणल्या होत्या. एकाच्या सुमारास डबा उघडला तेव्हा भाजीला तार सुटली होती. उकडलेला बटाटा, ओलं खोबरं, टोमॅटो, शिजवलेली डाळ, दही घातलेलं काहीही, हे मे महिन्याच्या पिशवीत घालूच नये. घाटातल्या गवळ्यांकडचा खवा उत्तम असतो, पण तो चिखलदऱ्यात बसून खावा, सोबत नेऊ नये. केळी काळी पडतात आणि वानरं वासावर येतात. काकडी मात्र जरूर न्या, अख्खी, न चिरता, ओल्या फडक्यात गुंडाळून. दुपारी जांभळीखाली बसून मीठ लावून खाल्लेली काकडी कुठल्याही मिठाईपेक्षा सरस लागते.

खिशात हाताशी ठेवायला फुटाणे, गूळ, भाजलेले शेंगदाणे. चॉकलेट वितळतं, बिस्किटं घशाला कोरड पाडतात. शिवाय सातूचं पीठ न्याच. भाजलेले गहू आणि चणाडाळ दळून केलेलं हे पीठ पाण्यात कालवलं की दोन मिनिटांत पोटभर खाणं होतं, विस्तव लागत नाही, नासत नाही, वजनही नाही. चघळायची ताकद नसलेल्या माणसालाही ते पाजता येतं. माझ्या मते या प्रवासातली सगळ्यात हुशारीची वस्तू तीच.

सगळं सामान अमरावतीत किंवा फार तर परतवाड्याला घ्या. ती शेवटची मोठी बाजारपेठ. वर चिखलदऱ्यात दुकानं आहेत, सेमाडोहला चहा-नाश्त्याच्या टपऱ्या आहेत, पण उन्हाळ्यात लिंबं आणि ओआरएस मिळतीलच यावर विसंबू नये.

गाविलगडला आम्ही उजाडताच शिरलो. चिखलदरा हजार मीटरहून उंच, वारा असतो, म्हणून घाम येतोय हे कळतच नाही. इथंच लोक फसतात. किल्ला अफाट आहे, पंधराव्या शतकातला, बहमनी काळातला. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेनं तो घेतला. दरवाजे, तटबंदी, मशीद बघत फिरताना झुडपातून वाट काढावी लागते आणि अंतराचा अंदाज चुकतो. आत तलाव आहेत, पण त्यांचं पाणी प्यायचं नाही. गाळून नाही, ‘फक्त तोंड धुवायला’ म्हणूनही नाही. उन्हाळ्यात ते पाणी अस्वलांचं, सांबरांचं, वानरांचं. आपण काठावर रेंगाळलो की ते तहानलेले आडोशाला ताटकळत राहतात. साडेदहाला आम्ही पुढं जाणं थांबवलं आणि परतीची वाट धरली. अकरा ते चार हे तास रानात चालण्याचे नाहीतच. तेंदूपत्ता तोडणारी माणसं पहाटे अंधारात निघून ऊन चढायच्या आत परततात, त्यांचंच वेळापत्रक आपलं धरावं.

डोक्याला दुपट्टा हवाच, ओला करून, कान झाकून. टोपीवरून बांधला तर आणखी चांगलं. पूर्ण बाह्यांचे सुती, मळकट रंगाचे कपडे, घोट्यावर येणारे बूट. अत्तर, सुगंधी तेल काही नको, आग्या मोहोळाच्या माश्यांना वास चालत नाही. एखाद्याचं डोकं दुखू लागलं, मळमळलं, पोटऱ्यांत गोळे आले की तिथंच सावलीत बसवा आणि मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजा. बोलणं असंबद्ध झालं, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. कपडे सैल करून अंगभर पाणी मारायचं, वारा घालायचा आणि गाडीतून थेट दवाखाना गाठायचा. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे. रानात मोबाइलला रेंज नसते, म्हणून गाडी कुठं उभी आहे आणि चावी कुणाकडं आहे हे सगळ्यांना माहीत असावं.

मचाणाची शिदोरी अगदी वेगळी बांधावी लागते. तिथं टिकाऊपणाइतकाच आवाजाचा आणि वासाचा विचार. दुपारी वनरक्षकासोबत वर चढलं की सकाळपर्यंत खाली उतरायचं नाही. म्हणजे रात्रभराचं पाणी, माणशी चार लिटर तरी, वरच हवं. लघवीसाठी रुंद तोंडाची, झाकणाची बाटली न विसरता घ्या, याची लाज बाळगून पाणी कमी पिणं धोक्याचं. वेष्टनातलं काहीही नको. रात्री कुरकुऱ्यांच्या पुडीचा आवाज दरीपलीकडं जातो. आम्ही सगळं घरीच सोडवून सुती थैल्यांत भरलं होतं: दशम्या, गूळ, सोललेले शेंगदाणे, खजूर. स्टीलच्या डब्याचं झाकण खण्णकन वाजतं, म्हणून डबाही नाही. ठेचा, कांदा, लोणचं यांचा वास पसरतो. ते सगळं आम्ही वर चढण्याआधी, उजेड असतानाच खाऊन घेतलं आणि उरलेलं खालच्या गाडीत ठेवलं.

त्याचा फायदा साडेनऊच्या सुमारास दिसला. चंद्र झाडांच्या वर आला होता, पाणवठ्याची कड पांढरी दिसत होती. आधी पाचोळा वाजला, मग थांबला, मग पुन्हा. एक अस्वल बाहेर आलं. काठाशी येऊन त्यानं नाक वर करून दोन्हीकडं हुंगलं, कितीतरी वेळ. मग पुढचे पाय चिखलात रोवून चपचप आवाज करत ते पीत राहिलं. आमच्यापैकी कुणाच्या मांडीवर काही नव्हतं, हातात काही नव्हतं. पिऊन झाल्यावर ते तसंच, घाई न करता, आलं त्या वाटेनं गेलं. मागून सांबराची मादी पिल्लासह आली. पहाटेकडं दोन रानगवे.

पहाटे तीन-चारला वारा सुटतो आणि घामट अंगाला थंडी वाजते, तेव्हा एक पातळ चादर हवी. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. डासांसाठी मलम वापरायचं तर बिनवासाचं. कचऱ्याची वेगळी पिशवी ठेवून खजुराच्या बियांपासून सगळं परत आणा.

आणि गाडीत वीस लिटरची एक कॅन भरून ठेवा, तिला हात न लावता. मचाणावरून उतरेपर्यंत आठ वाजतात, बाटल्या रिकाम्या असतात, आणि सेमाडोहहून परतवाड्यापर्यंतच्या घाटात टायर बसला किंवा इंजिन तापलं तर माणसाला आणि रेडिएटरला दोघांनाही तेच पाणी लागतं.