वरणगावचं भरीत आणि एक तृतीयांश मिलिमीटरचं भांडण

खानदेशात डिसेंबरात जायचं ते भरीत खायला, बाकी सगळे बहाणे. महाराष्ट्र एक्सप्रेसने भुसावळ, तिथून वरणगावला मामांकडे. पाल झालं, यावलचं जंगल झालं, हतनूर धरणावर पक्षी बघून झाले, मस्त आहे सगळं, जाऊन या. मी लिहितोय ते शेतातल्या भरीत पार्टीबद्दल, जिच्यात भरीत एक नंबर होतं आणि गप्पांनी डोकं उठवलं.

मामा वरणगावच्या आयुध निर्माणीतून रिटायर झालेत, जन्म काडतुसांत गेला, तेही ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरच्या. त्यांचे जावई अमेरिकेत कोलोरॅडोला असतात आणि दर पानगळीत लायसन काढून एल्कच्या शिकारीला जातात (एल्क म्हणजे आपल्या सांबराचाच थोराड भाऊबंद). आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हा छंदच संपला, त्यामुळे आमचं नॉलेज म्हणजे आजोबांच्या फुशारक्या. जावईबापूंना नवी रायफल घ्यायचीय, आणि प्रश्न एकच, ती कुठल्या काडतुसाची घ्यायची, ६.५ क्रीडमूर की .२७० विंचेस्टर?

इकडे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतायत, धुराने डोळे चुरचुरतायत, आणि हे मोबाईलवर तक्ते दाखवतायत. मी भुकेला होतो म्हणून ऐकत बसलो आणि कळलं ते असं, की .२७० ही १९२५ ची, क्रीडमूर २००७ ची. एकीची गोळी ७.०४ मिलिमीटर जाड, दुसरीची ६.७१. म्हणजे भांडण एक तृतीयांश मिलिमीटरचं! त्यांनी निवडलेल्या दोन गोळ्या वजनाला जवळपास सारख्या, १४५ ग्रेन आणि १४३ ग्रेन (ग्रेन म्हणजे गोळीचं वजन मोजायचं बारीक माप). .२७० ची सुटते सेकंदाला २९७० फुटांनी, क्रीडमूरची २७०० नी. पण क्रीडमूरची गोळी लांब, निमुळती, हवा कापत जाते, वेग टिकवून धरते. मग पाचशे यार्डांवर काय? दोघींच्या खाली घसरण्यात वीतभराचाही फरक नाही, आणि वाऱ्याने सरकण्यात फार तर इंचभर. त्यासाठी मिरच्या भाजायच्या राहिल्या होत्या.

मामा बडगीत वांगी ठेचता ठेचता म्हणाले, "पाहुने, मी काय म्हन्तो, कॅलिबर सोडा, नळीचा पीळ किती ते सांगा." (कॅलिबर म्हणजे गोळीची जाडी, पीळ म्हणजे गोळीला गरगर फिरवणाऱ्या नळीच्या आतल्या वळणदार खाचा.) आता इथे मी जरा सावरून बसलो, कारण हा मुद्दा जावयांच्या तक्त्यात नव्हताच. क्रीडमूरच्या नळीत पीळ साधारण आठ इंचांत एक फेरा घेतो, जुन्या धाटणीच्या .२७० त दहा इंचांत. पीळ सैल असला तर जास्त लांब, जड गोळी नीट फिरत नाही, डगमगते, म्हणून .२७० ला वर्षानुवर्षं १३० आणि १५० ग्रेनवर भागवावं लागलं. क्रीडमूर मुळातच लांब गोळ्या धरून बनवली. वर धक्का कमी, खांदा दुखत नाही, म्हणजे सराव जास्त होतो. मामांना हे सगळं पटलं पण ते म्हणे, जवळून जनावर मोठं असेल तर .२७० चा जोर जास्त. झालं, पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सकाळी मात्र मजा आली. आम्ही शेतातच झोपलो होतो, थंडी अशी की गोधडीतून नाक काढवेना. उठून बघतो तर पलीकडच्या हरभऱ्यात चार-पाच रोही (नीलगायी) निवांत चरतायत, सालदार शिव्या देत डबा बडवत निघालेला. जावईबापू कुजबुजले, "चारशे यार्ड, नक्की." त्यांच्याकडे अंतर मोजायची लेझरवाली दुर्बीण होती, ती लावली तर दोनशे साठ! मामा एवढे हसले की रोही सालदाराच्या आधी त्यांनाच घाबरून पळाले. मग काडीने मातीत आकडेमोड. नेम दोनशे यार्डांना बसवलाय, चारशे समजून वर धरला आणि जनावर दोनशे साठवर असलं, तर गोळी हव्या त्या जागेच्या वीतभर वरून जाते. क्रीडमूरचीही आणि .२७० चीही. सपाट रानात, उजेडात, जनावर हलत नसताना ही चूक, मग तिकडे डोंगरात धाप लागलेली असताना काय होत असेल? जखमी जनावर पळून गेलं की रात्रभर रक्त बघत फिरावं लागतं, हे जावयांनीच सांगितलं, आणि त्यानंतर जरा वेळ ते गप्प होते. तेवढ्यात मी शिळं भरीत आणि कळण्याची भाकरी संपवली. शिळं जास्त चांगलं लागतं, हे माझं ठाम मत आहे.

मला विचाराल तर क्रीडमूर घ्यावी, कारण त्यांची बायको, म्हणजे माझी मामेबहीण, पण नेम धरायला शिकतेय आणि धक्का कमी असलेली बंदूक दोघांना चालेल. त्यांच्या गावच्या दुकानात कुठलं काडतूस कायम मिळतं ते मात्र आधी बघावं. मी हे बोलून दाखवलं, मामांनीही मान डोलावली, मला वाटलं सुटलो.

भुसावळला सोडायला येताना गाडीत मागच्या सीटवरून आवाज, "मामा, पण २०२२ ला ते नवं काडतूस, ७ एमएम पीआरसी, आलंय ना, त्याची गोळी तर..." मामांनी रेडिओ मोठा केला.